त्याच खाटेवरून उठलेला माणूस

व्यसनमुक्ती केंद्रातली पहिली रात्र सरता सरत नाही. शेवटचा पेग घेऊन बारा-पंधरा तास झालेले असतात. हात थरथरतात, अंगाला घाम सुटतो. घरच्यांनी बोलत बोलत आणून इथे सोडलं याचा राग असतो आणि रागाच्या तळाशी शरम असते. डॉक्टर तपासून जातात, नर्स औषध देते. नवा रुग्ण कुणाशीच धड बोलत नाही. मध्यरात्र उलटल्यावर एक जण खाटेशेजारी स्टूल ओढतो आणि म्हणतो, "झोप येत नाही ना? मलाही आली नव्हती. हीच खाट होती माझी, खिडकीजवळची." तेव्हा कुठे तो मान वर करून बघतो.

महाराष्ट्रातल्या अनेक केंद्रांत असा स्टुलावरचा माणूस भेटतो. एके काळी त्यालाही कुणीतरी धरून आणलेलं असतं. आज तो समुपदेशक किंवा वॉर्डचा कार्यकर्ता असतो आणि महिन्याचा पगार घेतो. कालचा बेवडा किंवा गर्दुल्ला म्हणून हिणवलेला माणूस आज दुसऱ्याला सावरायला बसतो, हे ऐकायला छान वाटतं. पण हा प्रवास घडतो कसा, त्याला काय लागतं आणि तो कुठे घसरू शकतो, हेही समजून घ्यायला हवं.

अ‍ॅक्रनमधला फोन

या कामाची एक मोठी सुरुवात अमेरिकेत झाली. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरलेल्या बिल विल्सन यांची दारू डिसेंबर १९३४ मध्ये टाउन्स हॉस्पिटलात सुटली. पुढचे काही महिने ते दिसेल त्या दारुड्याला सुधारायला धावत होते. एकही जण सुधारला नाही. त्यांच्या पत्नी लोइस यांनी मात्र एक गोष्ट त्यांच्या लक्षात आणून दिली: बाकी कुणाची सुटली नसेल, पण तुमची सुटलेलीच आहे ना!

मे १९३५ मध्ये ते धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी गेले. काम फसलं. खिशात फारसे पैसे नव्हते, हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार होता आणि मन तिकडे ओढ घेत होतं. त्यांनी बारकडे पाठ केली आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली. आपल्याला बोलायला दुसरा दारुडा हवा, एवढंच त्यांना उमगलं होतं. त्या फोनांमधून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची गाठ पडली. डॉ. बॉब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. बोलणं सहा तास चाललं. बिल यांनी उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांच्या शेवटच्या पेगचा दिवस. तोच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजे एएचा स्थापना दिवस मानला जातो.

त्या पहिल्या भेटीला बिल डॉक्टरांना वाचवायला गेले नव्हते, स्वतः वाचायला गेले होते. पुढे १९६५ मध्ये फ्रँक रीसमन या अभ्यासकाने याच अनुभवाला सिद्धांताचं रूप दिलं: मदत करणाऱ्याला स्वतःलाही त्या मदतीतून बळ मिळतं. आपल्याकडे दारू सोडण्यासाठी गळ्यात माळ घालणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. दिंडीत सोबत चालणारा जुना माळकरी नव्याला सांभाळतो आणि सांभाळता सांभाळता स्वतःची माळही जपतो.

सेवा की नोकरी?

पण मदतीचे पैसे घ्यायचे का? हा पेच अगदी सुरुवातीलाच उभा राहिला. टाउन्स हॉस्पिटलच्या मालकाने बिल यांना पगारी नोकरी देऊ केली. घरी चणचण होती, लोइस दुकानात नोकरी करून संसार ओढत होत्या. बिल आनंदाने घरी आले, पण मित्रमंडळींनी आपुलकीने आणि ठामपणे विरोध केला. यातून पैसा येऊ लागला, तर एका दारुड्याने दुसऱ्याला दिलेल्या हाताचं मोल उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बिल यांनी नोकरी नाकारली. १९५० मध्ये स्वीकारलेल्या एएच्या बारा परंपरांपैकी आठवी हेच सांगते की हे काम कायम बिनव्यावसायिक राहील. एएच्या मीटिंगमध्ये एकमेकांना सांभाळण्याचे पैसे आजही कुणी घेत नाही.

पगाराचा दरवाजा उघडला तो मिनेसोटा राज्यातल्या विलमार इथल्या सरकारी मनोरुग्णालयात. डॉ. नेल्सन ब्रॅडली आणि मानसशास्त्रज्ञ डॅन अँडरसन यांनी दारूतून बाहेर पडलेल्यांनाच उपचारांच्या चमूत घेतलं आणि १९५४ मध्ये राज्याच्या सेवेत त्यांच्यासाठी रीतसर पद निर्माण झालं. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, नर्स आणि व्यसनातून उठलेला समुपदेशक एकाच टेबलाशी बसू लागले. हीच पद्धत पुढे 'मिनेसोटा मॉडेल' म्हणून जगभर गेली.

म्हणजे हे दोन वेगळे धागे आहेत. मीटिंगमधलं नातं फुकट आणि बरोबरीचं असतं. केंद्रातलं काम पगारी असतं, त्याला जबाबदारी आणि हिशेब असतो. एकच माणूस दोन्हीकडे असू शकतो, पण दोन्हींची गल्लत झाली की नुकसान ठरलेलं.

येरवडा आणि वांद्रे

महाराष्ट्रात ही वाट रुंद केली ती पुण्याच्या 'मुक्तांगण'ने. अनिल अवचट यांनी ब्राऊन शुगरच्या, म्हणजे 'गर्द'च्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. त्याची धुरा मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्याकडे होती. बऱ्या झालेल्या मुलांना बाहेर कुणी नोकरी देत नव्हतं. अनिता मॅडमनी त्यांच्याच हाती केंद्रातली कामं सोपवली. ज्याच्यावर घरचे दहा रुपयांचाही भरवसा ठेवत नव्हते, त्याच्याकडे वॉर्डच्या किल्ल्या आल्या. असा विश्वास हाही उपचारच असतो. १९९७ मध्ये मॅडम गेल्या, पण रुग्णातून कार्यकर्ता घडवण्याची रीत टिकली.

मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये १९८१ साली फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं. आपण स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलो आहोत, हे ते उघडपणे सांगत आले. बी. के. एस. अय्यंगारांकडे शिकलेला योग त्यांनी उपचारांत आणला. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वतःच्या जखमेबद्दल धर्मगुरूच उघड बोलतो, तेव्हा समोरच्याच्या शरमेचं ओझं अर्ध्याने उतरतं.

अनुभव कुठवर पुरतो?

ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरंच आहे. फ्लशच्या टाकीत लपवलेली क्वार्टर, पगाराच्या दिवशी बदललेला घरचा रस्ता, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली खोटी शपथ हे सगळं या समुपदेशकाने स्वतः केलेलं असतं. त्याला फसवता येत नाही आणि तो तुच्छतेने बघतही नाही. गर्दच्या 'टर्की'त, म्हणजे गर्द बंद झाल्यावरच्या त्रासात, हाडं कशी ठणकतात, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

पण जे आपल्याला कळतं ते दुसऱ्याला नेमकं कसं द्यायचं, हे वेगळं शिकावं लागतं. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर फिट्स येऊ शकतात. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. तिथे डॉक्टरच हवा. व्यसनामागे नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार दडलेला असेल, तर तो ओळखून वेळीच पुढे पाठवावं लागतं. सर्वांत मोठा मोह असतो तो 'मी असा सुटलो, तूही असाच सुटशील' या हट्टाचा. समोरची बाई असेल, विशीतला मुलगा असेल, देव न मानणारा असेल. त्याचा रस्ता त्याचाच असतो. म्हणून ऐकण्याचं शिक्षण लागतं, गुप्तता पाळावी लागते, कुटुंबाशी बोलायचं तंत्र अंगी बाणवावं लागतं. आणि आपल्यापेक्षा जाणत्या माणसासमोर आपल्या केसेस नियमित मांडाव्या लागतात.

शिक्षण आणि देखरेख नसेल तर काय होतं, याचंही उदाहरण इतिहासात आहे. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात 'सिनॅनॉन' ही संस्था चार्ल्स डेडरिक या दारूतून सुटलेल्या माणसानेच काढली. अपमान करून माणूस सुधारतो, या समजुतीवर ती चालली आणि शेवटी हिंसक पंथ बनून कोसळली. आपल्याकडेही काही ठिकाणी मारहाण आणि कोंडून ठेवणं यालाच उपचार म्हटलं जातं आणि जुन्या रुग्णांच्या हातात काठी दिली जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी निगडित आजारही आपल्या कक्षेत घेतले आहेत आणि रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली आहे. केंद्र निवडताना घरच्यांनी नोंदणी आहे का, डॉक्टर येतात का, आपल्याला आत जाऊन बघू देतात का, हे जरूर विचारावं.

त्याचीही मीटिंग

या माणसाची स्वतःची लढाई संपलेली नसते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे व्यसनाकडे परत नेणारे चार चोर, असं एएच्या वर्तुळात शिकवलं जातं. समुपदेशकाच्या नोकरीत यातले तीन तरी रोज दाराशी असतात. ज्याच्यासाठी रात्री जागवल्या, तो महिन्याने पिऊन दारात उभा राहतो. कुणाच्या मरणाची बातमी येते. शिवाय सगळे 'सर' म्हणू लागले की, आपल्यालाही आज ओढ लागली होती, हे कबूल करणं अवघड होत जातं. दुसऱ्यांची मीटिंग घेतली म्हणजे आपली झाली, हा भ्रम हळूहळू घात करतो. नुकतीच सोडलेल्याला लगेच कामाला जुंपणं म्हणूनच चुकीचं. त्याने आधी काही वर्षं स्वतःच्या पायावर उभं राहावं. आणि कामाला लागल्यावर एक जागा अशी असावी, जिथे तो कुणाचाच सर नसेल. स्लिप झालीच, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे पाय वळलाच, तर त्याला काढून टाकण्याआधी त्याच्यावर उपचार व्हावेत.

गरज किती मोठी आहे, ते केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसतं. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसली ना कसली उपचारांची मदत मिळते. बाकी सदतीस जणांसाठी मनोविकारतज्ज्ञ कुठून आणणार? वाट माहीत असलेल्या माणसांना शिकवून, रास्त पगार देऊन, प्रतिष्ठेने या कामात आणावंच लागेल. 'सेवा आहे, समजून घ्या' म्हणत त्यांना तुटपुंज्या मानधनावर राबवणं हा अन्याय आहे.

आपल्या घरात कुणी या चक्रात असेल, तर १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. अ‍ॅक्रनच्या लॉबीतही सुरुवात फोनपासूनच झाली होती.

इकडे केंद्रात पहाट होते. खिडकीजवळच्या खाटेवरचा माणूस अखेर झोपलेला असतो. स्टुलावरचा उठतो, नोंदवहीत रात्रीचा वृत्तान्त लिहितो आणि सही करतो. संध्याकाळी त्याची स्वतःची मीटिंग असते. तिथे तो खुर्चीत बसून आपलं नाव सांगेल आणि म्हणेल, आजचा दिवस गेला, प्यायलो नाही.