पासवर्ड मॅनेजर: चोरी झालीच तर?

पासवर्ड मॅनेजर निवडताना ‘हॅक होईल का?’ हे नका विचारू. ‘हॅक झालाच, तर चोराच्या हाती काय लागेल?’ हे विचारा.

२०२२ मध्ये लास्टपासच्या ग्राहकांच्या डेटाचा बॅकअप चोरीला गेला. पासवर्ड एन्क्रिप्टेड होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडेच! आणि ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा, त्यांचं कुलूप चोर निवांत फोडत बसणार.

मग घ्यायचं काय? बिटवॉर्डनचा कोड कुणालाही तपासता येतो, फुकटातही बरंच भागतं. अँड्रॉइडवर कीपासडीएक्स घेतलंत तर फाइल तुमच्याच फोनमध्ये राहते. पण फोन हरवला तर? बॅकअप तुम्हीच ठेवायचा.

काहीही घ्या, मास्टर पासवर्ड लांबलचक हवा आणि दुसरीकडे कुठेही वापरलेला नको. कागदावर लिहून घरात जपून ठेवा.