बायांचा अंगठा मशीनला का लागत नाही?

आजचा भाग बोटांच्या ठशांवर. आमच्या उमरठकडे, पोलादपूर तालुक्यात, रेशनच्या रांगेत एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘अंगठा लागत नाय.’ बोलणारी बहुतेक वेळा एखादी म्हातारी असते. मग प्रश्न पडतो, बायकांचे ठसे पुरुषांपेक्षा वेगळे असतात का? आणि मशीन अडतं ते त्यामुळेच का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, थोडे वेगळे असतात. बोटावरच्या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास उमटायला लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत कायमच्या ठरतात. शंख, चक्र दोघांच्याही बोटांवर असतात, त्यामुळे त्यावरून बाई की पुरुष हे सांगता येत नाही. फरक असतो रेषांच्या दाटीत. बोटावर 5 मिमी बाय 5 मिमीचा चौकोन धरायचा, त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायची आणि तिला किती रेषा छेदतात ते मोजायचं. बायकांची बोटं लहान, रेषा बारीक, म्हणून त्यांचा आकडा सरासरीने जास्त भरतो. दक्षिण भारतीयांवरच्या 2007 सालच्या एका अभ्यासात असं निघालं, की 13 किंवा कमी रेषा असल्या तर ठसा पुरुषाचा असण्याची शक्यता जास्त, 14 किंवा अधिक असल्या तर बाईचा. पण ‘शक्यता’ हा शब्द सोडायचा नाही. बारीक रेषांचे पुरुष असतात आणि जाड रेषांच्या बायकाही. सरासरी गटाची असते, समोरच्या माणसाची नाही.

आता मशीनच्या बाजूने हिशोब करू, तो माझ्या धंद्याचा भाग. आधारचा स्कॅनर एका इंचात 500 ठिपके टिपतो, म्हणजे एक ठिपका साधारण 0.05 मिमी. आपली तिरकी रेघ सुमारे 7 मिमीची. तीत 12 रेषा बसल्या तर एका रेषेच्या वाट्याला 0.59 मिमी येतात, 14 बसल्या तर 0.51. फरक दीड-पावणेदोन ठिपक्यांचा. बारीक रेषेलाही दहाएक ठिपके मिळतातच, आणि तेवढे मशीनला पुरतात. म्हणजे बाई म्हणून जन्माला आल्याने अंगठा अडत नाही.

मग अडतो कशाने? मशीन सगळा ठसा पाहत नाही. रेषा कुठे संपते, कुठे फुटते, एवढे बिंदू जुळवतं. बोट झिजलं, चिरलं, कोरडं पडलं की रेषा मधेच तुटलेली दिसते, मशीनला नसलेली टोकं दिसतात आणि असलेली हरवतात. वयाने कातडी सुकते, सैल होते, त्यात भर पडते. आता आमच्या भागात बघा. पुरुष चाकरमानी, मुंबईला. मागे राहिलेल्या बाईच्या हातून राब भाजणं, चिखलातली लावणी, शेणगोठा, लाकूडफाटा, राखेने भांडी घासणं, तीस-चाळीस वर्षं. जन्माचा फरक पावणेदोन ठिपक्यांचा, कामाचा फरक अख्खी रेषा पुसणारा.

‘मग चेहरा दाखवा’ असं आता सांगतात, आणि रेशनच्या ई-केवायसीला तो पर्याय आहेही. चेहऱ्यातही सरासरी फरक असतो: पुरुषांचा जबडा रुंद, नाक मोठं. पण मशीन शिकतं ते दाखवलेल्या फोटोंवरून. 2018 साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनित गेब्रू यांनी चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे सांगणारी बाजारातली सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत. आधारची ओळख पटवणं हे काम वेगळं, पण धडा तोच: कोणावर शिकवलं, हे विचारायचं.

वजनाचंही असंच. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र एकाची 21.2 टक्के, दुसऱ्याची 9.1. जास्त चरबी याज्ञिकांची. हे 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोन्ही पुरुष, आकडा एकच, तरी शरीरं वेगळी.

तेव्हा अंगठा लागला नाही तर काय करायचं? हात धुऊन पुसा, दुसरं बोट लावा. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात, सोबत दोन्ही डोळ्यांची बुबुळंही. ओटीपीचा पर्याय असतो, पण नंबर मुंबईतल्या मुलाचा असेल तर ओटीपी तिकडे जातो, म्हणून नंबर आधी बदलून घ्या. ठसे फारच झिजले असतील तर आधार केंद्रावर नव्याने नोंदवता येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: अंगठा जुळला नाही म्हणून लाभ नाकारू नका, इतर मार्गाने ओळख पटवून द्या, असं यूआयडीएआयचं परिपत्रक 24 ऑक्टोबर 2017 चं आहे. तारीख लिहून ठेवा. देशातलं पहिलं आधार 2010 साली आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभलीत, एका बाईलाच मिळालं होतं. ते ओळख पटावी म्हणून होतं, रांगेतून परत पाठवायला नव्हतं.

तुमच्या गावात अंगठा कोणाचा अडतो ते कळवा. पुढच्या भागात भेटू.