हट्टी बालक की विकारग्रस्त बालक?

पनवेल हे आयुर्वेदीय औषधनिर्मितीचे जुने केंद्र. १८७२ साली येथे श्री धूतपापेश्वर कारखाना सुरू झाला. अशा गावात “मुलगा ऐकत नाही, उलट उत्तरे देतो, ब्राह्मीचे काही द्या” ही मागणी वैद्य व औषधविक्रेते या दोघांच्याही परिचयाची आहे. बाटली हाती देण्यापूर्वी थोडी चौकशी व्हावी, असे आम्हांस वाटते.

हट्ट हा बाल्याचा स्वभावच होय. मात्र ‘ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर’ हा विकार त्याहून वेगळा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ च्या निकषांत त्याची आठ लक्षणे आहेत: वारंवार संतापणे, चटकन चिडणे, मनात राग धरणे, मोठ्यांशी वाद घालणे, नियम धुडकावणे, मुद्दाम त्रास देणे, स्वतःच्या चुकीचा दोष इतरांवर ढकलणे आणि सूडबुद्धी. यांपैकी किमान चार लक्षणे सहा महिने टिकावी लागतात. भावंडांशी होणारी भांडणे तेवढ्यापुरती धरू नयेत. पाच वर्षांखालील बालकात बहुतेक दिवशी, तर त्यापुढे आठवड्यातून एकदा तरी असे वर्तन घडते का, हे विचारावे. सूडबुद्धीसाठी सहा महिन्यांत दोन प्रसंगही पुरेसे मानतात. लक्षणे केवळ घरीच दिसू शकतात. म्हणून दवाखान्यात मूल शांत बसले, एवढ्यावरून विकार नाही असे ठरवू नये.

निदानात तारतम्य महत्त्वाचे. कमी ऐकू येणारे, अक्षरे वाचताना अडखळणारे, अतिचंचल, निद्रानाशाने वा उदासीनतेने ग्रासलेले बालकही ‘उद्धट’ ठरते. घरातील मारहाण वा कलह यांचीही हळुवारपणे चौकशी करावी.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात, न ऐकणाऱ्या बालकास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भेडसावू नये, असे स्पष्ट बजावले आहे. आधुनिक उपचारांतही पालकांचे प्रशिक्षण हाच मुख्य आधार आहे. चांगल्या वर्तनाची तत्काळ दखल, थोडे पण ठाम नियम आणि शिक्षेत सातत्य ही त्याची सूत्रे होत. आपल्या सत्त्वावजय चिकित्सेशी त्याचे नाते उघड आहे. मेध्य औषधे वैद्याने प्रकृती पाहून योजावीत. परंतु ती या समुपदेशनाची जागा घेऊ शकत नाहीत.

लक्षणे निकषांत बसत असल्यास बालमानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. मूल स्वतःला वा इतरांना इजा करीत असेल, तर विलंब मुळीच नको. औषधविक्रेत्या बंधूंनी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दुकानात लावावा. ‘वाया गेलेले पोर’ हा शिक्का बसण्यापूर्वी त्या बालकास योग्य दारी पोहोचविणे आपल्या हाती आहे.