रेंज गेली तरी दिंडी हरवत नाही

पुण्यात भवानी पेठेत ज्ञानोबांची आणि नाना पेठेत तुकोबांची पालखी मुक्कामी येते, तेव्हा गर्दीत फोन लागेनासा होतो. तरी वारी विस्कटत नाही. प्रत्येक दिंडीची रथापुढची वा रथामागची जागा ठरलेली. माउलींच्या समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात आणि हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते. किती साधी, किती भक्कम व्यवस्था! अभंग तर पाठच असतात.

कुणी म्हणेल, २०२० साली कोरोनामुळे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा घरबसल्या दर्शन मोबाइलनेच घडवलं ना? घडवलं, आणि तो आधार मोलाचा होता. पण पडद्यापुढे हात जोडणाऱ्याच्या ओठी हरिपाठ आधीच होता, आजीकडून आलेला. तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला, तेव्हा तर साधी तारही नव्हती.