24 घरांत खान्देश

हळदीकुंकू असो, कोजागिरी असो की सोसायटीचा गणपती, हाऊजीचं तिकीट हातात पडलं की आपण आकडे कापत सुटतो. त्या तिकिटाकडे एकदा निवांत बघा. तीन ओळी आणि नऊ रकाने मिळून 27 घरं. त्यांतली 12 रिकामी, 15 भरलेली, आणि कुठलीही ओळ घेतली तरी तिच्यात नेमके पाच आकडे. पहिल्या रकान्यात 1 ते 9, दुसऱ्यात 10 ते 19, असं करत शेवटच्यात 80 ते 90. एवढ्या बेतानं आखलेला कागद आपण अर्ध्या तासात चुरगळून टाकतो.

याच कुळातला दुसरा खेळ म्हणजे बिंगो. त्यात पाच बाय पाचचा चौकोन असतो, 75 आकडे असतात आणि मधलं घर सगळ्यांना फुकट मिळतं. न्यूयॉर्कचा खेळणीविक्रेता एडविन लो याने 1929च्या सुमारास तो घरोघरी पोचवला. वेगवेगळी तिकिटं करून देण्याचं काम त्याने गणिताच्या एका प्राध्यापकाकडे सोपवलं आणि हजारो तिकिटं हाताने मांडता मांडता तो बिचारा टेकीला आला, असं सांगतात. आज तेच काम जळगावच्या एखाद्या घरात, जेवणाच्या टेबलावर, गूगल डॉक्समध्ये एका संध्याकाळी उरकतं. आणि घरांत आकडेच असायला हवेत, असं कुठे आहे? शब्द घाला. आपले शब्द घाला.

म्हणजे काय होतं ते पाहा. मधलं फुकटचं घर कानबाई देवीचं, याबद्दल खान्देशात कुणाचं दुमत व्हायचं कारण नाही. भोवतीच्या 24 घरांत भरीत, शेवभाजी, बिबड्या, कळण्याची भाकरी, खापरावरचे मांडे, मेहरूणची बोरं, आखाजी, गौराई, तापी, पांझरा, लळिंग, सोनगीर, बहिणाबाई, बालकवी. धुळ्याकडची अहिराणी आणि यावल-भुसावळकडची लेवा गणबोली, दोन्हींतले शब्द शेजारी शेजारी येऊ द्यावेत. आंडेर, आठे, तठे, बठ्ठा हे शब्द छापलेल्या कागदावर पाहण्याची आपल्याला सवयच नाही. एखाद्या आजीच्या हातात असं तिकीट गेलं की आधी ती ते वाचते, खेळ मागाहून सुरू होतो.

शब्दांची यादी एकट्याने करू नये. डॉक्सची फाइल घरातल्या सगळ्यांना लिहिण्यासाठी खुली करता येते. जळगावची काकू, सुरतची नणंद, पुण्यातला भाचा, तिघं एकाच वेळी एकाच पानावर लिहू लागतात आणि प्रत्येकाच्या नावाची रंगीत रेघ पानावर हलताना दिसते. हे आता इतकं अंगवळणी पडलंय की त्यातलं नवल आपल्याला दिसेनासं झालंय. म्हणून एक शब्द घेऊन बघू.

यादीत ‘बट्टी’ असं लिहिलेलं आहे. आपल्या डोळ्यांना ती दोन अक्षरं दिसतात. संगणकाला मात्र पाच खुणा दिसतात: ब, ट, पाय मोडणारा हलन्त, पुन्हा ट, आणि दीर्घ वेलांटी. जळगावच्या काकूंना वाटतं, नुसती बट्टी कशी, वरण पाहिजे. त्या शब्दाच्या आधी ‘वरण-’ लिहितात. नेमक्या त्याच क्षणी सुरतच्या ताईंना वाटतं, तूप राहिलं, आणि त्या शब्दाच्या शेवटी ‘-तूप’ जोडतात. दोघींनाही एकमेकींचा बदल अजून दिसलेला नाही. सुरतेहून निरोप निघतो: ‘पाचव्या खुणेनंतर तूप घाल.’ पण तोवर काकूंच्या चार खुणा पुढे येऊन बसल्यात. निरोप शब्दशः पाळला तर तूप वरणाच्या लगेच पुढे, ‘ब’च्या पाठोपाठ घुसेल आणि शब्दाचे तुकडे होतील. तसं घडत नाही. दोन्ही निरोप आधी दूरच्या एका सर्व्हरकडे जातात. तिथे कळतं की सुरतचा निरोप लिहिला गेला तेव्हा वरण आलेलंच नव्हतं. मग त्या निरोपातल्या पाचाचे नऊ केले जातात आणि तिघांच्याही पडद्यावर एकच शब्द उमटतो: ‘वरण-बट्टी-तूप’. संगणकशास्त्रात या युक्तीला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. पानावरचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक खोडाखोड अशी तपासून, गरज पडली तर जागा बदलून बसवली जाते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं पार पडतं. तीन गावांतली तीन माणसं एकाच कागदावर एकमेकांचा शब्द न पुसता लिहू शकतात, ही माणसाने केलेली फार सुंदर गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

आता यादी किती मोठी हवी? तिकिटावर घरं 24, म्हणून शब्दही 24 घेतले तर खेळ फसतो. शब्दांच्या जागा कितीही बदला, प्रत्येकाच्या तिकिटावर तेच 24 शब्द असतील. आडव्या ओळी वेगवेगळ्या वेळी पुऱ्या होतील, पण 24वा शब्द पुकारला की अख्ख्या हॉलमधून एकदम ‘फुल हाऊस’ ऐकू येईल. म्हणून यादी घरांपेक्षा मोठी पाहिजे. 40 शब्द हा बेत चांगला. प्रत्येक तिकिटाला त्यातले 16 शब्द मिळत नाहीत, आणि कुठले मिळत नाहीत यावरच फुल हाऊसची सगळी चुरस असते. हिशेब मांडला तर दिसतं की 30 जणी खेळत असतील तर पहिलं फुल हाऊस बहुधा 36व्या किंवा 37व्या शब्दाला लागतं. शेवटपर्यंत उत्कंठा टिकते ती अशी.

40 शब्दांतून 24 निवडून 24 घरांत बसवायचे, तर तिकिटं किती प्रकारची होतील? पहिल्या घरात 40पैकी कुठलाही शब्द येऊ शकतो. दुसऱ्या घरासाठी 39 उरतात, तिसऱ्यासाठी 38, आणि असं उतरत 24व्या घरासाठी 17. या सगळ्यांचा गुणाकार करायचा. उत्तर येतं सुमारे 39 आणि त्यापुढे 33 शून्यं. पृथ्वीवरच्या 800 कोटी माणसांनी विश्वाच्या जन्मापासून आजवर दर सेकंदाला एकेक तिकीट केलं असतं, तरी त्यातला कोटीतला एक भागही संपला नसता. तुमच्या हातात आलेलं शब्दांचं तिकीट याआधी कुणाच्याही हातात पडलेलं नाही, असं छातीठोकपणे म्हणता येतं.

हा उतरता गुणाकार शिकायला आपल्याला फार लांब जायला नको. भास्कराचार्यांनी 1150 साली, वयाच्या 36व्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. लीलावती हा त्याचा पहिला भाग. तिच्या शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण येतं आणि त्यात हेच गणित आहे. शून्य सोडून उरलेल्या नऊ आकड्यांतून, एकही आकडा पुन्हा न वापरता, सहा आकडी संख्या किती होतील? भास्कराचार्यांचा नियम असा, की नवापासून सुरुवात करून एकेक कमी करत, जितकी स्थानं तितक्या वेळा गुणत जायचं. नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार. उत्तर 60,480. आपल्या तिकिटाचं गणित हुबेहूब हेच आहे, फक्त नवाच्या जागी 40 आणि सहाच्या जागी 24.

त्याच प्रकरणात त्यांनी आणखी एक प्रश्न घातलाय आणि तो मला जास्त आवडतो. शंकराला दहा हात, आणि त्यांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य. ही आयुधं एका हातातून दुसऱ्या हातात बदलत गेलो तर शंकराची रूपं किती होतील? 36,28,800. चार हातांच्या विष्णूची मात्र 24च. गणिताचं पुस्तक लिहिणाऱ्या माणसाने उदाहरण शोधलं ते समोरच्या मूर्तीत. ज्याला मूर्ती पाहून तिच्या लाखो मांडण्या सुचतात, त्याची नजर काय असेल!

आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड, असं भास्कराचार्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ते नेमकं कुठलं यावर विद्वानांचा वाद आहे. पण त्यांचे ग्रंथ शिकवले जात होते ते ठिकाण निश्चित माहीत आहे, आणि ते जळगाव जिल्ह्यात आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीतलं पाटण, म्हणजे आजची पाटणादेवी. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे मुख्य ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी इथे मठ काढला. शके 1128चं दान नोंदवणारा तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत आणि त्यांत पाटणच्या बाजारातल्या मालावरचा कोणता हिस्सा मठाला द्यायचा ते सांगितलंय. म्हणजे इथल्या बाजारहाटातून अंकपाश शिकवण्याचा खर्च निघत होता. पाटणादेवीला नवस फेडायला आणि सहलीला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं? शाळेच्या सहलीत मुलांना हे आवर्जून सांगितलं पाहिजे.

आता प्रत्यक्ष तिकीट. डॉक्समध्ये तक्ता आखता येतो, पण त्यातले शब्द आपोआप पिसले जात नाहीत. त्यासाठी संगणकावर गूगल शीट्सची मदत घ्यायची. तिथे 40 शब्द एकाखाली एक लिहा. बाजूला पाच बाय पाचची जागा घ्या, मधल्या घरात कानबाई लिहा, आणि उरलेल्या 24 घरांत एकेक करून बरोबरचं चिन्ह टाकून यादीतल्या पहिल्या 24 जागांशी जोडून द्या. एवढी मेहनत एकदाच. मग 40 शब्दांची यादी निवडून डेटा या मेनूतलं रँडमाइज रेंज दाबलं की यादी पिसली जाते, आणि बाजूच्या चौकोनात नवं तिकीट तयार. ते कॉपी करून डॉक्समध्ये चिकटवताना विचारणा होते, की मूळ तक्त्याशी जोडून ठेवायचं का. नाही म्हणा, म्हणजे चिकटवलेलं तिकीट आहे तसं राहील. पुन्हा पिसा, पुन्हा चिकटवा.

ए-फोर कागदावर एका पानात दोन तिकिटं नीट बसतात. रकाना तीन सेंटिमीटर रुंद, ओळ सव्वादोन सेंटिमीटरच्या आत ठेवा. अक्षर 14 किंवा 16चं, म्हणजे चष्मा विसरून आलेल्या मावशींनाही वाचता येईल. ‘कळण्याची भाकरी’ दोन ओळींत जाईल, जाऊ द्या. वऱ्हाड, ऱ्हायना असे शब्द असतील तर ‘ऱ’ नीट उमटलाय ना ते छापण्याआधी बघा. बोलून लिहिण्याची सोयही डॉक्समध्ये आहे. तिच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, अहिराणी नाही. तेवढे शब्द बोटांनीच लिहावे लागतात.

खरी बहार पुकारणाऱ्याच्या हाती असते. आकडा पुकारला की संपला. शब्दाचं तसं नाही, त्याचं कोडं घालता येतं. “जन्म धरणगावचा, मृत्यू भादली स्टेशनाजवळ, वय अवघं 27.” ज्याला बालकवी आठवले त्याने घर कापायचं. “1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सांगितली आणि साने गुरुजींनी उतरून घेतली.” गीताप्रवचनं. “1906 साली एकाचे दोन झाले.” खान्देश जिल्हा, पूर्व आणि पश्चिम तेव्हाच झाले. “31 डिसेंबर 1926ला धुळ्यात देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं.” इतिहासाचार्य राजवाडे. “माहेर असोद्याचं, आणि कविता पुस्तकात आल्या त्या गेल्यावर, 1952 साली.” हे कोडं पुरं व्हायच्या आत दहा हात वर होतात. “पांझरा तापीला भेटते ते गाव?” इथे मात्र हॉलमध्ये शांतता पसरते, आणि शिंदखेड्याकडची एखादी सून हळूच सांगते, मुडावद. अशा वेळी बक्षीस कुणाला मिळालं हे कुणी विचारत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घरात चार पिढ्या एकत्र असतात. त्या दिवसांत घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईजवळ फोन घेऊन बसा आणि तिच्या तोंडचे 40 शब्द उतरवून घ्या. ती उच्चारते तसेच लिहा, मराठीत सुधारून लिहू नका, आणि ती फाइल घरातल्या सगळ्यांना खुली करून द्या.