'रिस्टोअर्ड, मॉडिफाइड, पेपर्स क्लिअर': जुन्या एमजीबीची जाहिरात कशी वाचायची?

एमजी म्हटलं की आपल्याला हेक्टर नाहीतर कॉमेट आठवते. पण हा बिल्ला त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडमधल्या छोट्या, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारवर असायचा. त्यातली सगळ्यात गाजलेली गाडी म्हणजे एमजीबी. नांदगावच्या एका मित्राने अशाच गाडीच्या विक्रीची जाहिरात मला फॉरवर्ड केली. लाल रंग, तारांची चाकं, दुमडलेला कापडी टप. खाली लिहिलेलं: 'फुल्ली रिस्टोअर्ड, परफॉर्मन्स मॉडिफाइड, पेपर्स क्लिअर.' आणि त्याचा प्रश्न, "भाऊ, घेण्यासारखी आहे का?"

गाडी दिसायला भारी आहे, यात वाद नाही. पण जाहिरातीतले हे तीन दावे आपल्या देशात एकाच गाडीत क्वचितच एकत्र बसतात. ते का, हेच आज समजून घेऊ.

आधी गाडी काय आहे ते बघू. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. बंद टपाची जीटी धरून ५ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. इंजिन १७९८ सीसी, चार सिलिंडर, दोन एसयू कार्बोरेटर आणि ताकद साधारण ९५ हॉर्सपॉवर. म्हणजे आजच्या स्विफ्टपेक्षा थोडीच जास्त. गंमत म्हणजे हे इंजिन आपल्याला अगदीच परकं नाही. ते बीएमसी कंपनीच्या 'बी-सिरीज' घराण्यातलं, आणि आपल्या जुन्या पेट्रोल ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसी इंजिनही त्याच घराण्यातलं. ज्या मिस्त्रीने आयुष्यभर ॲम्बॅसेडर उघडल्या, त्याला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर ओळखीचं खूप काही दिसेल. सुटे भाग मात्र सरसकट एकमेकांना बसतात असं समजू नका.

'रिस्टोअर्ड' म्हणजे नक्की काय?

एमजीबीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडी हीच तिची चेसिस. त्यात वर टप नाही, त्यामुळे गाडीचा बराचसा भार दाराखालच्या पोकळ पत्र्यावर येतो. त्याला सिल म्हणतात. गाडी गंजते ती नेमकी इथेच. वरून पुट्टी भरून चकाचक रंग मारला की फोटोत काहीही कळत नाही. म्हणून प्रत्यक्ष बघायला जाताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. सिलवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे आत पत्रा नसून पुट्टी असण्याची शक्यता मोठी. दुसरी परीक्षा अजून सोपी आहे: गाडीला जॅक लावा आणि दार उघडून बघा. दार अडकायला लागलं तर मधली बॉडी वाकतेय, म्हणजे सिल कमजोर आहे.

खरं रिस्टोरेशन करणाऱ्याकडे काम चालू असतानाचे फोटो असतात. उघडा पत्रा, वेल्डिंग, प्रायमर, सगळं. फक्त शेवटचे चमकणारे फोटो मिळत असतील तर मी त्याला रिस्टोरेशन म्हणणार नाही. ते डेंटिंग-पेंटिंग.

'परफॉर्मन्स मॉडिफाइड'चे दोन प्रकार

एक प्रकार इंजिन तेच ठेवून ताकद वाढवण्याचा. कॅमशाफ्ट बदलतात म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात, सिलिंडर हेड घासून हवेचा रस्ता मोकळा करतात, एसयू काढून मोठा वेबर कार्बोरेटर लावतात. हे नीट जमलं तर वरच्या आरपीएमला गाडी मस्त पळते. पण त्याची किंमत खालच्या आरपीएमला मोजावी लागते. मनमाडच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ती धक्के खात चालेल. शिवाय वेबरची तोंडं दिसायला छान म्हणून बरेच जण एअर फिल्टर काढून ठेवतात. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत हे म्हणजे इंजिनात वाळू टाकण्यासारखं.

दुसरा प्रकार सरळ इंजिनच बदलण्याचा. रोव्हरचं ३.५ लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही८ हे त्यात सगळ्यात लोकप्रिय. कंपनीने १९७३ ते १९७६ मध्ये व्ही८ एमजीबी स्वतः बनवली, पण फक्त बंद टपाच्या जीटीमध्ये. त्यामुळे उघड्या टपाची व्ही८ एमजीबी 'कंपनीची ओरिजिनल' म्हणून कोणी विकत असेल तर तिथेच थांबा. ते इंजिन नंतर कोणीतरी गॅरेजमध्ये बसवलंय.

आणि तिसरा दावा, कागदपत्रं

इथेच खरी मेख आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी. तिला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे ज्या बदलाचे जाहिरातीत जास्त पैसे मागितलेत, तोच बदल व्हीए नंबरच्या आड येतो. शिवाय व्हीए नंबरची गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची.

गाडी साध्या नंबरावर असेल तरी सुटका नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरफार करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. दंड दर फेरफाराला ५,००० रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न याच फेरफाराचा काढतील.

म्हणून आरसीचा फोटो आधी मागा. एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाका आणि इंधन, मॉडेल, नोंदणीची तारीख जुळते का बघा. मग चेसिस आणि इंजिनवर ठोकलेल्या नंबरांचे जवळून काढलेले फोटो मागवा आणि आरसीशी अक्षर न अक्षर ताडून बघा. गाडी बाहेरून आणलेली असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री हवीच. जाहिरातीतले फोटो गूगल लेन्समध्ये टाकायला विसरू नका. तेच फोटो इंग्लंडमधल्या एखाद्या विक्रेत्याच्या पानावर सापडले तर विषय संपला. 'मी आर्मीत आहे, बदली झालीय, टोकन यूपीआय करा' असा मेसेज आला तर नंबर सरळ ब्लॉक करा.

हे सगळं जुळलं तर व्हिडिओ कॉलवर गाडी थंड असताना स्टार्ट करून दाखवायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन बरेच आजार लपवतं.

शेवटची गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्या काळचे रबरी पाईप आणि सील इथेनॉलमुळे फुगतात, तडकतात. कार्बोरेटरमध्ये मिश्रणही पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि मे महिन्याच्या उन्हात इंजिन आणखी तापतं. इंधनाचे पाईप कधी बदलले आणि कार्बोरेटर या पेट्रोलसाठी सेट केलाय का, हे मालकाला विचारा. जो खरंच ती गाडी चालवतो, त्याच्याकडे याचं उत्तर तयार असतं.