शहरातून जाणारी विषाची वाघीण

नळाचे पाणी निर्जंतुक करणारा क्लोरीन विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. परंतु हाच वायू मोठ्या प्रमाणात मोकळा सुटला तर प्राण घेतो. हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने तो वर न जाता जमिनीलगत पसरतो. अमेरिकेत तो सुमारे ९० टनांच्या वाघिणींतून नेतात, आणि जुने लोहमार्ग तर भरवस्तीतूनच जातात.

६ जानेवारी २००५ च्या पहाटे दक्षिण कॅरोलायनातील ग्रॅनिटव्हिल गावी रुळाचा सांधा बाजूच्या मार्गाकडे वळवलेलाच राहून गेला. धावती मालगाडी तेथे उभ्या असलेल्या गाडीवर आदळली आणि क्लोरीनची वाघीण फुटली. नऊ माणसे दगावली. पाच हजारांहून अधिकांना घरे सोडावी लागली.

राजधानी वॉशिंग्टन येथील मालगाड्यांचा मार्ग संसदभवनाच्या अगदी जवळून जातो. सन २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांची धास्तीही ताजी होती. तेथील नगरपरिषदेने १ फेब्रुवारी २००५ रोजी कायदा केला : संसदभवनापासून सुमारे साडेतीन किलोमीटरांच्या आत असा घातक माल परवान्यावाचून नेऊ नये. रेल्वे कंपनी न्यायालयात गेली. ३ मे रोजी वरिष्ठ न्यायालयाने कंपनीचा पक्ष उचलून धरला. रेल्वेसुरक्षेचे नियम देशभर शक्यतो एकसारखे असावेत, असे १९७० चा केंद्रीय कायदा सांगतो. (आपल्या राज्यघटनेतही रेल्वे हा विषय केंद्रसूचीतच आहे.)

कंपनीचे म्हणणे आम्हांस अगदीच पोकळ वाटत नाही. प्रत्येक महानगराने वेस बंद केली, तर वाघीण लांबच्या वाटेने लहान गावांतून जाणार. आणि ग्रॅनिटव्हिल हे गिरणीचे लहानसे गावच होते. तरीही ज्या गावचे बंब प्रथम धावायचे, त्याला मार्ग ठरवताना शब्द नसावा, हे आम्हांस पटत नाही. २००७ च्या कायद्यानंतर कंपन्यांना दरवर्षी मार्गांची तपासणी करून सर्वांत कमी धोक्याचा मार्ग निवडावा लागतो. मात्र निवड कंपनीच करते.

वॉशिंग्टनच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राने मात्र २००१ च्या हल्ल्यांनंतर थोड्याच आठवड्यांत क्लोरीन वायू वापरणे थांबवून सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण घेतले. तेथे येणाऱ्या क्लोरीनच्या वाघिणी त्यामुळे आपोआप बंद झाल्या. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही.